दांडीवरच्या दोन खुणा

‘ऑइल किती लागेल?’ गाडी गॅरेजला लागली की मालक हा प्रश्न विचारतो आणि मिस्त्री लिटरमध्ये उत्तर देतो. तीन लिटर, साडेतीन, साडेचार. गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर हा संवाद इथंच संपतो आणि त्यात काही बिघडत नाही. कंपनीनं हिशेब करून ठेवलेला असतो, तो पुस्तकात छापलेला असतो आणि मिस्त्रीला तोंडपाठ असतो.

पण श्रोतेहो, आता आपल्या रस्त्यांवर वेगळ्या प्रकारच्या गाड्याही पुष्कळ दिसतात. तरुण मुलगा जुनी, सेकंड हँड डिझेल गाडी घेतो. तिला टर्बो असतोच. मग तो इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून घेतो. याला रीमॅप म्हणतात. टर्बोचा दाब वाढतो, इंधन जास्त जातं, गाडी पळायला लागते. कोणी पुढं जाऊन मोठा टर्बो बसवतो, कोणी ऑइल कूलर लावतो, कोणी मुळात टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो जोडतो. हा शौक चांगला की वाईट हे ठरवायला मी इथं बसलेलो नाही. पण अशा गाडीत पुस्तकातला लिटरचा आकडा फसवा ठरू शकतो आणि त्या फसगतीत एखाद्याची दोन-चार वर्षांची कमाई धुरात जाते. म्हणून आज बोलायचं आहे ते एकाच गोष्टीवर. मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीत इंजिन ऑइल नेमकं किती असावं आणि ते कसं ओळखावं?

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर गरम असतो आणि जोरात बाहेर येतो. त्या जोरावर एक छोटं चाक फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आधी जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांत ती वापरली गेली. विक्रीसाठी बनवलेल्या मोटारगाड्यांत टर्बो आला तो अमेरिकेत, १९६२ साली. आज आपल्याकडची साधी डिझेल हॅचबॅकसुद्धा टर्बोवर चालते.

हे छोटं चाक फिरतं किती? लहान गाडीचा टर्बो जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. दोन लाख म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. एका बाजूला पेट्रोल गाडीत आठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला थंड हवा आणि मधे बोटाएवढा दांडा. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा बॉल बेअरिंगवर नसतो. तो तेलाच्या थरावर तरंगत असतो. तो थर केसापेक्षाही पातळ असतो. तेल क्षणभर कमी पडलं की धातूला धातू घासतो आणि त्या वेगाला घासलेला धातू सावरत नाही.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. टर्बोला तेल येतं ते इंजिनाच्या पंपाच्या दाबानं. पण टर्बोतून ते परत जातं ते दाबानं नाही, आपल्या वजनानं. नळीतून खाली उतरतं आणि इंजिनाच्या तळाच्या परातीत पडतं. या परातीला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. म्हणजे येणारं तेल ढकललेलं असतं आणि जाणारं तेल नुसतं ओघळणारं असतं. ओघळणाऱ्या तेलाला वाट मोकळी हवी.

देवघरातल्या समईचं उदाहरण घ्या. तेल कमी झालं तर वात जळते. तेल फार झालं तर वात बुडते. इंजिनाचंही तसंच आहे. आपल्याकडे समज असा, की कमी असणं धोक्याचं आणि थोडं जास्त असलं तर उलट बरंच. ‘घाला अर्धा लिटर वर, असू द्या.’ हा समज टर्बो गाडीत महागात पडतो. म्हणून दोन्ही बाजू पाहू.

तेल कमी असेल तर काय होतं? चेंबरच्या तळाशी पंपाची एक नळी असते. तिचं तोंड तेलात बुडालेलं असतं. तेल कमी असताना गाडी आंबोलीसारख्या घाटात वळणावर गेली किंवा करकचून ब्रेक लागला की तेल एका बाजूला सरकतं. नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. एक-दोन सेकंदांचाच खेळ. पण नेमक्या त्याच वेळी टर्बो जोरात असतो. दुसरं असं, की तेल फक्त वंगण नाही, ते उष्णता वाहून नेणारं पाणीही आहे. तेल कमी म्हणजे तेवढीच उष्णता थोड्या तेलावर. ते जास्त तापतं, लवकर पातळ होतं, लवकर थकतं. रीमॅप केलेल्या गाडीत उष्णता मुळातच वाढलेली असते.

ओळखीच्या इंजिनाचं उदाहरण देतो. फियाटचं १.३ लिटरचं, म्हणजे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आपल्याकडे अनेक गाड्यांत आलं. इंडिका व्हिस्टामध्ये आलं, पुंटोमध्ये आलं, २००७ साली स्विफ्टमध्ये आलं. मारुतीनं २०२० साली डिझेल गाड्या बंद केल्या, पण तोवर हे इंजिन गावोगाव पोचलं होतं. रीमॅप करणाऱ्या तरुणांच्या हातात आज ज्या जुन्या डिझेल गाड्या आहेत, त्यांतल्या कितीतरी याच इंजिनाच्या. या इंजिनात तेल मावतं साधारण तीन लिटर. तीनच. म्हणजे एक लिटर कमी झालं तर तिसरा हिस्सा गेला. शिवाय याची टायमिंग चेन ताणून धरण्याचं काम तेलाच्या दाबावर चालतं. म्हणजे तेलाची हयगय झाली तर त्रास टर्बोपुरता राहत नाही, चेनलाही पोचतो.

आता उलट बाजू. तेल जास्त झालं तर काय होतं? चेंबरच्या वरच इंजिनाचा क्रँक फिरत असतो, मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी. तेलाची पातळी वर आली की क्रँक त्यात आपटू लागतो. ताक घुसळल्यासारखं तेल घुसळलं जातं. त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, फेस होतो. फेसाळ तेल पंपानं ओढलं तर त्यातली हवा दबते आणि बेअरिंगपाशी हवा असलेला थर पोचतो. म्हणजे गंमत पाहा, तेल जास्त घालूनही बेअरिंगला तेल कमीच पडतं.

दुसरा त्रास टर्बोचा. चेंबरमधली पातळी इतकी चढली, की टर्बोच्या परतीच्या नळीचं तोंड बुडालं किंवा फेस तिच्यात शिरला, तर वरचं ओघळणारं तेल अडतं. मोरीचं तोंड तुंबलं की पाणी घरात चढतं, तसं ते टर्बोत चढतं. टर्बोच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसतात. पिस्टनला असतात तशा बारीक रिंगा असतात आणि त्या तुंबलेलं तेल अडवू शकत नाहीत. तेल मग एका बाजूनं सायलेन्सरकडे जातं, निळा धूर येतो. दुसऱ्या बाजूनं हवेच्या नळीत, इंटरकूलरमध्ये जातं. मालकाला वाटतं टर्बो गेला. नवा टर्बो बसतो आणि महिन्यात पुन्हा धूर सुरू होतो, कारण दोष टर्बोत नव्हताच.

पेट्रोल गाडीत हे तेल हवेबरोबर इंजिनात जळू लागलं की पेट्रोलची स्फोट सहन करण्याची ताकद कमी होते. इंजिन ठोकायला लागतं. वाढीव दाबावर चालणाऱ्या इंजिनात हे ठोकणं पिस्टन फोडू शकतं.

डिझेल गाडीत याहून भयंकर प्रकार होऊ शकतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेत जे जळण्यासारखं येईल ते जळतं. इंजिन ऑइलही जळतं. हवेच्या वाटेनं भरपूर तेल येऊ लागलं की इंजिन स्वतःचंच तेल इंधन म्हणून खाऊ लागतं. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, कारण चावी बंद करते डिझेल आणि इंजिन आता डिझेलवर चालतच नसतं. फेरे वाढत जातात, पांढरा-निळा धूर रस्ताभर होतो आणि तेल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते पळत राहतं. असं कधी घडलं तर घाबरू नका. गाडी हातगिअरची असेल तर गाडी थांबवा, ब्रेक पूर्ण दाबून धरा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन कोंडून बंद पडेल. तसं झालं नाही तर माणसांना घेऊन गाडीपासून लांब व्हा. हवेची नळी हातानं दाबायला जाऊ नका. ती ओढ हात जखमी करण्याइतकी असते.

तर कमी नको आणि जास्तही नको. मग नेमकं किती? इथं आपण दांडीकडे येऊ.

इंजिनात खोचलेली लांब पट्टी, डिपस्टिक, आपण तिला साधी ऑइलची दांडी म्हणू. तिच्यावर दोन खुणा असतात. खालची ‘मिन’, वरची ‘मॅक्स’. कुठं भोकं असतात, कुठं खाचा, कुठं रेघोट्यांचा पट्टा. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे सुमारे एक लिटर. तुमच्या गाडीचं नेमकं किती ते तिच्या पुस्तकात असतं. पण ही दांडी लिटर मोजते का? नाही. ती मोजते उंची. चेंबरमध्ये तेल कुठवर चढलं आहे, पंपाच्या नळीच्या किती वर आणि क्रँकच्या किती खाली, एवढंच ती सांगते. आणि इंजिनाला फरक पडतो तो याच उंचीनं. बाहेर कूलरमध्ये, नळ्यांमध्ये, फिल्टरमध्ये किती तेल आहे याच्याशी क्रँकला देणंघेणं नाही.

कंपनीच्या गाडीत लिटर आणि उंची यांची जोडी ठरलेली असते. इतके लिटर घातले की इतकी उंची येणारच. गाडी मॉडिफाय केली की काही वेळा ही जोडी फुटते. उंची तीच हवी असते, लिटर बदलतात. लिटरवर विसंबणारा इथं फसतो आणि तो दोन्ही बाजूंनी फसू शकतो.

ऑइल कूलरचं उदाहरण घेऊ. समजा, कूलर आणि त्याच्या नळ्या मिळून पाऊण लिटर तेल मावतं. नव्या कूलरमध्ये आधी काहीच नसतं. मिस्त्री पुस्तकाप्रमाणे तेल भरतो, इंजिन दोन मिनिटं चालवतो, दांडी पाहतो, ‘मॅक्स’वर आहे. गाडी देऊन टाकतो. पण चांगल्या कूलरला थर्मोस्टॅट असतो. तेल ऐंशी अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो कूलरची वाट उघडत नाही. गॅरेजमधल्या दोन मिनिटांत तेल तेवढं तापलेलंच नसतं. गाडी हायवेला लागते, तेल तापतं, वाट उघडते आणि चेंबरमधलं पाऊण लिटर कूलरमध्ये निघून जातं. दांडीवर पातळी एकदम ‘मिन’जवळ. मालक बेफिकीर असतो, कारण ‘मॅक्स’ त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता हाच माणूस सहा महिन्यांनी ऑइल बदलायला येतो. तो आता शहाणा झालेला असतो. पुस्तकातला आकडा अधिक पाऊण लिटर, असा हिशेब सांगतो. पण चेंबरचा बोल्ट उघडला की तेल पडतं ते चेंबरमधलं. कूलरमधलं जुनं तेल बहुधा तिथंच राहतं. म्हणजे पाऊण लिटर आत असताना वर आणखी पाऊण लिटर पडलं. आता पातळी ‘मॅक्स’च्या बरीच वर. पहिल्यांदा कमी, दुसऱ्यांदा जास्त आणि दोन्ही वेळा हिशेब लिटरचाच.

बाकीच्या बदलांचंही असंच पाहू. फिल्टर मोठा बसवला तर तोही थोडं तेल जास्त धरतो. चेंबर बदललं तर विचार करावा लागतो. नवं चेंबर खोल असेल किंवा बाजूला पसरट असेल, तर त्यात लिटर जास्त लागतील. लागू द्या. तेलाचा पृष्ठभाग मात्र क्रँकपासून आधी होता तेवढाच खाली राहिला पाहिजे. त्यासाठी जुनं चेंबर काढण्याआधी एक काम करावं. जुन्या दांडीची ‘मॅक्स’ खूण इंजिन ब्लॉकच्या खालच्या कडेपासून किती खाली येते ते मिस्त्रीकडून मोजून घ्यावं आणि लिहून ठेवावं. नवी दांडी किंवा दांडीची नवी नळी बसवली तर ही खूण त्या मापानं पुन्हा पाडून घ्यावी. दुसऱ्या गाडीची दांडी नुसती ‘बसते’ म्हणून चालत नाही.

गाडी खाली बसवण्याचाही शौक असतो. चारही चाकांवर सारखी बसवली तर फरक पडत नाही. पण नुसतं नाक खाली केलं तर इंजिन किंचित पुढं कलतं आणि दांडीवरचा आकडा थोडा खोटा बोलतो.

बाहेरून टर्बो लावलेल्या गाडीत परतीच्या नळीसाठी चेंबरला भोक पाडून जोड बसवतात. हे भोक तेलाच्या पातळीच्या वरच हवं आणि नळी जाड, शक्य तितकी सरळ खाली उतरणारी हवी. भोक खाली पडलं असेल तर तेल कमी ठेवून गाडी चालवणं हा उपाय नव्हे. भोक बुजवून वर नवं पाडणं हाच उपाय. टर्बो इतका खाली बसला असेल, की तेल आपल्या वजनानं उतरूच शकत नाही, तर परत ओढणारा वेगळा पंप लावावा लागतो.

आणि नुसत्या रीमॅपनं काय बदलतं? त्यात नवा पार्ट काहीच नाही, म्हणून लिटर तेच राहतात. पण दाब वाढला की पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरकडे निसटणारी हवा वाढते. आतला दाब वाढतो. हा दाब टर्बोच्या ओघळणाऱ्या तेलाला खालून अडवतो आणि तेलाची वाफ हवेच्या नळीकडे ढकलतो. म्हणजे तेल खाण्याचं प्रमाण वाढू शकतं. काही जण ही वाफ अडवायला एक डबी लावतात, तिला कॅच कॅन म्हणतात. डबी उपयोगाची आहे. पण तिच्यात जमलेलं तेल चेंबरमधूनच आलेलं असतं. डबी रिकामी करताना तिच्यात किती निघालं ते पाहावं, दांडी बघावी आणि डबीतला गाळ परत इंजिनात ओतू नये.

आता प्रत्यक्ष तेल भरण्याची आणि तपासण्याची रीत सांगतो. यात हुशारी नाही, थोडा धीर लागतो.

ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर पुस्तकात लिहिलेल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमीच ओता. इंजिन चालू करा, ऑइलचा लाल दिवा गेला का पाहा, कुठं गळती नाही ना ते पाहा आणि बंद करा. पाच-दहा मिनिटं थांबून दांडी पाहा. थोडं थोडं घालून पातळी ‘मॅक्स’च्या जरा खाली आणा. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर शांतपणे चालवून आणा. काटा पाण्याचं तापमान दाखवतो. तेल त्याच्यामागून, सावकाश तापतं. म्हणून एवढं अंतर. परत आल्यावर गाडी सपाट जागेवर लावा. सपाट म्हणजे डोळ्यांना वाटतं तशी नव्हे. आपली अंगणं पाणी वाहून जावं म्हणून उतरतीच असतात. गवंड्याची लेव्हल एकदा जमिनीवर ठेवून जागा नक्की करा आणि पुढं नेहमी तिथंच मोजा.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं तेल खाली उतरेल. काही कंपन्या थंड इंजिनावर मोजायला सांगतात, तुमच्या पुस्तकात जे असेल ते पाळा. दांडी काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढा. दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला नळीचं तेल लागून खोटी रेघ येते. म्हणून जी बाजू कमी दाखवेल ती खरी धरा. कमी असेल तर एकदम ओतू नका. शंभर-दोनशे मिली घाला, थोडं थांबा, पुन्हा पाहा.

मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीला दोन खुणांच्या मधल्या जागेचा वरचा चौथा हिस्सा चांगला. घाटात जायचं असेल तर ‘मॅक्स’ला टेकलेलं असू द्या. पण ‘मॅक्स’च्या वर नको. जास्त झालंच तर चेंबरचा बोल्ट सैल करून किंवा दांडीच्या नळीतून ओढून काढून टाका. ‘चालवता चालवता कमी होईल’ असं म्हणून सोडू नका.

पातळी जागेवर आली की एकूण किती तेल गेलं ते वहीत लिहा. हा तुमच्या गाडीचा आकडा, पुस्तकातला नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, त्याच जागी पुन्हा दांडी पाहा. काही जोडण्यांत रात्रीतून कूलरमधलं तेल चेंबरमध्ये उतरतं आणि सकाळची पातळी वर दिसते. हा फरक एकदा कळला की पुढं भीती वाटत नाही. नंतर आठवड्याला एकदा तपासा. लांबच्या प्रवासाआधी तपासाच.

ही वही का म्हणतो, त्याचं आणखी एक कारण आहे. पातळी उतरत जाणं समजण्यासारखं आहे. टर्बो गाडी थोडं ऑइल खाते. पण कधी कधी पातळी न घालता वाढलेली दिसते. आनंद मानू नका. तेल आपोआप वाढत नाही. त्यात काहीतरी येऊन मिसळलेलं असतं. रीमॅपमध्ये इंधन प्रमाणाबाहेर वाढवलं असेल तर न जळलेलं पेट्रोल-डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुराची जाळी जाळून साफ होत असते. गाडी नुसती गावातल्या गावात फिरत असेल तर ती सफाई अर्धवट राहते आणि तेव्हाही डिझेल तेलात उतरू शकतं. दांडी नाकाशी धरली तर वास येतो. तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे. दोन्ही वेळा पातळी छान दिसते आणि तेल मात्र निकामी झालेलं असतं. असं तेल बदलायचं आणि कारण शोधायचं.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याबद्दलही एक गैरसमज आहे. पुष्कळ लोक म्हणतात, ‘ऑइल कमी झालं तर दिवा लागेलच.’ बहुतेक गाड्यांत तो लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. आणि दाब अगदी तळाला गेल्यावरच तो लागतो. तो लागेपर्यंत टर्बोचं नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. तो लागलाच तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ म्हणायचं नाही. बाजूला घ्यायचं आणि लगेच बंद करायचं. काही नव्या गाड्यांत दांडीच नसते, पातळी पडद्यावर दिसते. पण तो सेन्सरही कंपनीच्या चेंबरसाठी बसवलेला आहे. चेंबर बदललं की त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

जाता जाता कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. म्हणून काही करण्याआधी आरटीओ आणि विमा या दोन्ही ठिकाणी विचारून घ्यावं. गाडीत आपण एकटे नसतो. घाटात इंजिन जाम झालं तर मागून येणाऱ्या एसटीतली माणसंही त्यात येतात.

खर्चाचा विचार करा. दोनशे मिली तेल, एक फडकं, एक वही आणि दहा मिनिटं. दुसऱ्या बाजूला टर्बो, चेन, कधी अख्खं इंजिन. गाडीची ताकद वाढवायला पैसे मोजणारा माणूस या दहा मिनिटांची कंजुषी करतो, याचं नवल वाटतं.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेट उघडा. दांडी काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मधे, वरच्या अंगाला असेल तर तारीख टाकून तसं लिहून ठेवा आणि निघा.